अल्पवयीनांच्या हाती वाहन : जबाबदारी पालकांची, सवयही घरातलीच

नवी दिल्ली – दिल्लीच्या सिव्हिल लाइन्स भागात ४ एप्रिल २०१६ रोजी रात्री भरधाव मर्सिडीजच्या धडकेत रस्ता ओलांडणाऱ्या ३२ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. गाडी चालवणारा मुलगा चारच दिवसांनी १८ वर्षे पूर्ण करणार होता. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या गुन्ह्यासाठी किमान सात वर्षांची शिक्षा कायद्यात नमूद नाही, तो बाल न्याय अधिनियमानुसार ‘निर्घृण’ ठरत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने ९ जानेवारी २०२० रोजी दिला. त्यामुळे प्रौढ म्हणून खटल्याचा मार्ग बंद झाला. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे पोर्शे गाडीच्या धडकेत दोन अभियंत्यांचा बळी गेला. आरोपी १७ वर्षांचा होता. त्याला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली आणि देशभर संताप उसळला.

दरम्यानच्या काळात कायद्याने आपला रोख पालकांकडे वळवला होता. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली समाविष्ट झालेल्या कलम १९९-क नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, तसेच मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही, अशी तरतूद आहे. वाहन आपल्या संमतीशिवाय नेले गेले, हे सिद्ध करण्याचा भारही पालकांवरच असतो. तरतूद केंद्रीय कायद्यातील असल्याने दिल्लीतून नोएडा किंवा गुरुग्रामच्या हद्दीत शिरल्याने ती बदलत नाही.

परवान्याचे वय १८ वर्षे आहे. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी मात्र १६ वर्षांनंतर परवाना मिळू शकतो. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेच्या विद्युत दुचाकीला परवाना लागत नाही. याच सवलतीचा आधार घेऊन अधिक वेगाची दुचाकी मुलाच्या हाती दिल्यास ती कायद्याच्या कक्षेत येते.

दंडाच्या भीतीने वाहनाची किल्ली कपाटात राहील. पण वाहन चालवण्याची समज त्यातून येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी रस्ते अपघातांत प्राण गमावले. त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. ताशी ६० किलोमीटर वेगातील वाहन दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिले, तर ३३ मीटर अंतर न पाहताच कापले जाते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. दिल्लीच्या रुंद, रात्री मोकळ्या भासणाऱ्या रस्त्यांवर आणि हिवाळ्यातील दाट धुक्यात हे गणित अधिकच निर्दय ठरते.

न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत स्वीकारली. तेथे नवशिक्या चालकाला आरंभी रात्री एकट्याने वाहन चालवण्यास आणि मित्रांना सोबत घेण्यास मर्यादा असते. अनुभव वाढेल तसे हे निर्बंध सैल होतात. भारतात शिकाऊ परवान्यानंतर किमान ३० दिवसांनी चाचणी देता येते आणि ती उत्तीर्ण होताच खासगी वाहनाचा चालक दिवसा-रात्री, कितीही वर्दळीत मोकळा असतो. मधल्या पायऱ्या कायद्यात नाहीत. त्या घरानेच बांधाव्या लागतात.

त्यासाठी फार साधनांची गरज नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यावर परवानाधारक मोठ्या व्यक्तीच्या सोबतीने, आधी दिवसा व कमी वर्दळीत सराव करावा. पहिले काही महिने रात्रीचा प्रवास व मित्रांची गर्दी टाळावी. हेल्मेट किंवा सीटबेल्टशिवाय वाहन सुरूच करू नये. मात्र सर्वांत प्रभावी धडा मागच्या आसनावर बसूनच गिरवला जातो. सिग्नल तोडणारे किंवा वाहन चालवताना फोनवर बोलणारे वडील मूल वर्षानुवर्षे पाहत असते. अठराव्या वर्षी त्याला परवाना मिळतो. वाहन कसे चालवायचे, हे त्याने त्याआधीच ठरवलेले असते.