धुराचा दाखला

मे महिन्याच्या सुट्टीत अम्मींना डोळे तपासायला सोलापूरला न्यायचे ठरले. आदल्या दिवशी आम्ही लोहाऱ्यात गाडीची कागदपत्रे चाळली. आरसी होती, विमा होता. पीयूसीची मुदत मात्र दोन महिन्यांपूर्वीच संपलेली. "ओळखीने मिळून जाईल, गाडी न्यायचीही गरज नाही," असे एका परिचिताने सुचवले. क्षणभर आम्हालाही ते सोयीचे वाटले. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "पेपर न देताच पास?" वर्गात कॉपीविरुद्ध बोलणारे आम्ही गप्पच झालो.

गाडी घेऊन केंद्रावर गेलो. जुनी डिझेल गाडी. धूर जास्त निघाला आणि ती नापास झाली. मेकॅनिकने एअर फिल्टर उघडला, तर तो धुळीने चोंदलेला. तो बदलल्यावर गाडी पास झाली. सोलापूर एक दिवस लांबले, एवढेच.

नियम साधा आहे. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर ती सतत चालू ठेवावी लागते. बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांचा दाखला वर्षभर, त्याआधीच्या गाड्यांचा सहा महिने चालतो. पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराची घनता पाहतात. विजेवरच्या गाडीला ही चाचणी नाही. प्रदूषणाचा नियम मोडल्यास 2019च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण गोष्ट दंडापुरती नाही. शाळा सुटताना फाटकासमोर जीपा, मोटारसायकली चालू अवस्थेत उभ्या असतात. त्यांचा धूर थेट लहान मुलांच्या तोंडाच्या उंचीवर येतो. आमच्या वर्गात दम्याचा पंप दप्तरात ठेवणारा एक मुलगा आहे. वाटेतला काटा उचलणे सवाबचे काम, असे आपण लेकरांना शिकवतो. मग त्याच वाटेवर धूर सोडत जाणे कसे चालेल?

आज घरी गेल्यावर दाखल्यावरची तारीख पाहा आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपायच्या आठवडाभर आधी एअर फिल्टर साफ करून घ्या. आणि शाळेसमोर थांबलात, तर इंजिन बंद करा. त्याला कसलाच दाखला लागत नाही.