सुरक्षा अधिकारी: कारखान्यातील दुर्लक्षित सेवा

जुन्या करारातील अनुवाद ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात घरबांधणीविषयी एक आज्ञा आहे. नवे घर बांधताना छताला कठडा घालावा, नाहीतर कुणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, असे तेथे सांगितले आहे. लोकांनी छतावर जपून चालावे, असे मात्र म्हटलेले नाही! सुरक्षा अधिकाऱ्याचे काम आम्हांला या आज्ञेच्या जवळचे वाटते.

हेल्मेट न घालणाऱ्या कामगारावर खेकसणारा माणूस, अशी त्याची प्रतिमा रूढ आहे. वस्तुतः हेल्मेट व हातमोजे हा त्याच्या शास्त्रातील शेवटचा उपाय होय. धोका मुळातूनच काढता येईल का, हा पहिला प्रश्न. ते अशक्य असल्यास यंत्राला आडोसा बसवता येईल का, हे तो पाहतो. पॉवर प्रेसचेच उदाहरण घ्या. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, अशी योजना केली की बोटे आपोआप बाहेर राहतात. परंतु काम भराभर उरकावे म्हणून एक बटण कायमचे दाबून बांधले जाते आणि बोटे गमावली जातात. ते बटण सोडवणे व त्याचे कारण मालकाला पटवणे, हे या अधिकाऱ्याचे खरे काम. बंद टाकीचे काम त्याहून फसवे. आतील हवा न तपासता एक जण उतरतो, बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला दुसरा धावतो आणि दोघेही जातात.

१९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार १००० कामगारांच्या कारखान्यात असा अधिकारी आवश्यक होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने ही मर्यादा ५०० वर आणली. धोकादायक प्रक्रिया असल्यास २५०. वसई पूर्वेच्या गाळ्यांत दहा-वीस जण राबतात. तेथे हा अधिकारी येणार कोठून? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या परिपत्रकात आरोग्याला अपाय न करणारी कामाची जागा हा कामगाराचा हक्क मानला आहे. तो हक्क गाळ्यातील कामगारालाही आहे.

धर्मग्रामातील विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवीधरांनी या व्यवसायाचा विचार जरूर करावा. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत त्याचे शिक्षण मिळते.

आणि सणाआधी चर्चच्या मनोऱ्याला रंग दिला जातो, तेव्हा काम करवून घेणारे आपणच असतो. मजबूत परांची व पूर्ण शरीराचा सुरक्षा पट्टा यांचा खर्च ठेका देतानाच लिहून घ्यावा. दर ठरल्यावर सुचवलेले कुणी मनावर घेत नाही.