पुवाचा कर्ता

लखनौच्या दक्षिणेस कानपूरच्या रस्त्यावर नवाब वाजिद अली शहा याने आपल्या बेगमेसाठी वसविलेल्या आलमबागेत, १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रज सेनापती हॅवलॉकच्या फौजेने आपला सरंजाम आणि आजारी व जखमी शिपाई मागे ठेवले, तेव्हा गोळीतून वाचलेला मनुष्य पुवाने दगावतो हे पलटणीच्या वैद्यांस नित्याचे होते. परंतु त्या पुवाचा कर्ता कोण, हे उमगण्यास १८८० साल उजाडावे लागले. अ‍ॅबर्डीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टन या शस्त्रवैद्याने गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तेथे द्राक्षांच्या घोसांप्रमाणे जमलेले जे गोलाणू त्यास दिसले, तेच स्टॅफिलोकॉकस.

फ्लेमिंगच्या तबकडीवर १९२८ मध्ये बुरशीपुढे नष्ट झाले तेही हेच जंतू. मात्र त्या बुरशीतून लाभलेल्या पेनिसिलिनचा अंमल रुग्णालयांत बसण्यापूर्वीच, १९४० साली, अब्राहम आणि चेन यांनी त्याचा नाश करणारे विकर जंतूंत असल्याचे नोंदविले होते. आणि आपल्या पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या पेनिसिलिनच्या कारखान्याची स्थापना होईतो, पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसांची चढती संख्या मेरी बार्बर यांनी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात दाखवूनही दिली होती. पुढे त्या विकराने न मोडणारे मेथिसिलिन आले, तर १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू इंग्लंडातच सापडले. हे औषध जंतूची भित्तिका सांधणाऱ्या प्रथिनास जखडते; पण मामलेदार रजेवर गेला तरी हंगामी माणसावर कचेरी चालते, तद्वत या जातींपाशी मेक-ए नामक जनुकाने पुरविलेले दुसरे प्रथिन हजर असते आणि बांधकाम अडत नाही.

जंतू शहाणे झाले असे म्हणण्याचा प्रघात आहे. मला तो निव्वळ आपल्या सोयीचा वाटतो. कोट्यवधींत एखादा निराळा जीव असतो, आणि बाकीचे औषधाने मेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत तो फोफावतो. ही निवड आपणच, गरज नसता दिलेल्या प्रत्येक मात्रेने, करीत असतो. २००८-०९ मध्ये देशातील १५ केंद्रांच्या पाहणीत या जंतूंतील स्टॅफिलोकॉकस ऑरियस जातीच्या सुमारे ४१ टक्के नमुन्यांवर मेथिसिलिन निष्प्रभ ठरले.

सुमारे एक तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकपुडीत हा जंतू मुक्काम करून असतो. तेथून तो बोटांवर, बोटांवरून खाटेच्या दांडीवर आणि जखमेवर जातो; त्यामुळे परिचारिका, वैद्य आणि लखनौकडे ज्यांस तीमारदार म्हणतात ते रुग्णापाशी बसणारे आप्तस्वकीय, या सर्वांचे हात औषधाइतकेच महत्त्वाचे ठरतात. मेथिसिलिनला न जुमानणारा हा जंतू हातांवर चोळलेल्या साध्या अल्कोहोलाने मात्र मरतो.