बाबांनी नाही म्हटलेला खर्च आणि एका कागदाचा हिशोब



मागच्या व्हिडिओत ‘सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर’ हा शब्द घाईत येऊन गेला. त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: “सर, हे समजलं, पण घरच्यांना किंवा पार्टनरला यासाठी पैसे कसे मागायचे?” मी स्वतः मागितले होते, आणि पहिल्यांदा सपाट नकार मिळाला होता. म्हणून आज तोच हिशोब सविस्तर मांडतो.

आमचं इलेक्ट्रिकलचं दुकान. एक सांगलीत, दुसरं मिरजेत, मध्ये एक गोडाऊन. 22 सप्टेंबर 2025, घटस्थापनेचा दिवस. त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि एसी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. सांगलीच्या कॉम्प्युटरवर मी आदल्या रात्री दर बदलला. मिरजेचं बदलायचं राहून गेलं. दुपारपर्यंत तिथे दोन एसींची बिलं 28 टक्क्यांनी फाटली. ग्राहकांना फोन केले, माफी मागितली, क्रेडिट नोट काढून नवीन बिलं दिली. पैसे फार गेले नाहीत, पण सणाच्या दिवशी तोंड दाखवायला जागा उरली नाही.

चूक कुणाची? माझीच. पण एकच दर पाच ठिकाणी बदलावा लागत असेल, तर अशी चूक आज नाही तर उद्या होणारच.

म्हणजे नेमकं काय?

सोपं उदाहरण यूपीआयचं. 2016 च्या एप्रिलमध्ये याची सुरुवात झाली. तुमच्या काउंटरवर एकच क्यूआर कोड असतो. ग्राहकाचं अ‍ॅप कुठलंही असो, बँक कुठलीही असो, पैसे येतात. अ‍ॅप तुमचा बॅलन्स स्वतःकडे लिहून ठेवत नाही, ते बँकेला विचारतं. मध्ये एनपीसीआयने ठरवून दिलेली एकच पद्धत आहे, म्हणून प्रत्येक बँकेला दुसऱ्या प्रत्येक बँकेशी वेगळी तार जोडावी लागत नाही.

दुकानातही तेच करायचं. दर एकाच ठिकाणी राहील, स्टॉक एकाच ठिकाणी राहील. ज्याला हवा त्याने तिथे विचारायचं. ‘दर सांगणं’ ही एक सर्व्हिस, ‘स्टॉक सांगणं’ ही दुसरी.

आमच्याकडे पाच गोष्टी होत्या: सांगलीचं बिलिंग, मिरजेचं बिलिंग, गोडाऊनचा स्टॉक, व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग आणि अकाउंट. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या प्रत्येकीशी जोडली तर 10 जोडण्या होतात. मध्ये एक सामायिक जागा ठेवली तर 5 पुरतात. सहावी गोष्ट आली, समजा तिसरं दुकान, तर पहिल्या पद्धतीत आणखी 5 जोडण्या, दुसऱ्या पद्धतीत फक्त 1.

पहिला प्रयत्न का फसला

मी बाबांसमोर 2,40,000 रुपयांचं कोटेशन ठेवलं आणि म्हणालो, “सगळी सिस्टिम एकमेकांशी बोलेल. मुलांचे रोजचे अडीच तास वाचतील.”

बाबांनी चष्मा काढला आणि विचारलं, “मग एका मुलाचा पगार कमी होणार का?”

नाही होणार. मुलगा तोच, पगार तोच.

“मग वाचलं काय?”

मंडळी, बीबीएला तीन वर्षं घालवून मला जे नीट कळलं नव्हतं, ते त्या एका प्रश्नात होतं. वाचलेला वेळ म्हणजे वाचलेला पैसा नव्हे. त्या वेळेत दुसरं कमाईचं काम होणार असेल, तरच तो पैसा.

मग चार आठवडे वही ठेवली

काउंटरवर एक वही ठेवली. दर किंवा स्टॉक जुळला नाही म्हणून खिशातून गेलेला प्रत्येक रुपया त्यात लिहायचा. तांब्याचा भाव हलला की वायरचे दर बदलतात, हे आमच्या लाइनमधल्या सगळ्यांना माहीत आहे. मिरजेत 90 मीटरची कॉइल जुन्या दराने गेली की फरक आमच्या अंगावर.

महिन्याचा हिशोब असा निघाला:

- जुन्या दराने विकलेला माल: 3,800 रुपये
- स्टॉक आहे समजून ऑर्डर घेतली आणि माल नव्हता, त्यात बुडालेला नफा: 2,700 रुपये
- त्यामुळे सांगली-मिरज टेम्पोच्या जादा फेऱ्या: 1,500 रुपये

एकूण 8,000. वाचलेल्या तासांची किंमत मी यात धरलीच नाही, खाली वेगळी लिहून ठेवली. शिवाय नवीन सिस्टिमने सगळ्या चुका थांबतील असंही धरलं नाही. 60 टक्के थांबतील असं धरलं, म्हणजे 4,800 रुपये.

आता खर्चाची बाजू. कोटेशन परत वाचलं तर लक्षात आलं, की हे 8,000 फक्त दर आणि स्टॉक या दोनच कारणांनी जातात. बाकीच्या भागातून थेट किती वाचेल, हे मला दाखवता येत नव्हतं. म्हणून फक्त या दोन सर्व्हिस मागितल्या: सुरुवातीला 70,000 आणि पुढे महिन्याला 1,500.

4,800 वजा 1,500, म्हणजे महिन्याला 3,300. 70,000 भागिले 3,300, म्हणजे सुमारे 21 महिन्यांत पैसे वसूल.

खाली एक ओळ लिहिली: “सहा महिन्यांत बचत 2,500 च्या खाली राहिली, तर दुसरा टप्पा नाही.” बाबांनी कागद दोनदा वाचला आणि चेक लिहिला. मला वाटतं तो चेक 21 महिन्यांच्या आकड्यापेक्षा या शेवटच्या ओळीमुळे मिळाला. पैसे देणाऱ्याला नफ्याआधी थांबायची जागा कुठे आहे ते बघायचं असतं.

वेंडरकडून लेखी घ्या

1. इंटरनेट गेलं तर काउंटर चालेल का? शेवटचा दर बिलिंगमध्ये साठलेला हवा. सगळं एका जागी आणलं की ती जागा बंद पडल्यावर सगळंच बंद पडतं, हा या पद्धतीचा मोठा धोका आहे.
2. डेटा कुणाचा? सोडून जायचं ठरवलं तर तो एक्सेलमध्ये पूर्ण मिळेल का?
3. उद्या दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर जोडायचं झालं, तर जोडणीची माहिती देणार का, आणि त्याचे पैसे किती?
4. बॅकअप रोज कुठे जातो?

आणि एक गोष्ट वेंडरची नाही, तुमची आहे. दर बदलायचा अधिकार एकाच माणसाकडे द्या. आमच्याकडे तो मिरजेच्या धाकट्या भावाकडे आहे, माझ्याकडे नाही. कारण वर वाचलंच आहे.

कुणी घेऊ नये

एक दुकान, एक काउंटर, एकच बिलिंग सॉफ्टवेअर असेल तर यातलं काही लागत नाही. साधं सॉफ्टवेअर नीट वापरा. वहीत महिन्याला हजार-दीड हजारच निघाले, तरी थांबा.

आता खरं सांगतो. पहिल्या सहा महिन्यांत आमची सरासरी बचत 4,800 नाही, 4,100 आली. म्हणजे हातात महिन्याला 2,600, आणि 21 ऐवजी जवळपास 27 महिने. मर्यादेच्या 100 रुपये वर. दुसऱ्या टप्प्याचं मी अजून तोंडातून काढलेलं नाही. बाबा मात्र दर महिन्याच्या एक तारखेला वही मागतात.

तुमचा गृहपाठ एवढाच: उद्या दुकान उघडलं की मोजा, तुमचा एक दर बदलायला किती ठिकाणी हात लावावा लागतो. तो आकडा कमेंटमध्ये लिहा. कोटेशन नंतर मागवू, आधी वही आणा.