आंतरराष्ट्रीय पदविका अभ्यासक्रम : स्वरूप आणि योग्यायोग्यविचार

दहावीचा निकाल लागला की नवी मुंबईतील पालकांपुढे अकरावीचे अनेक मार्ग उभे राहतात. राज्य मंडळाचे कनिष्ठ महाविद्यालय, सीबीएसई वा आयएससीची शाळा, प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीशी जोडलेले ‘इंटिग्रेटेड’ वर्ग, केंब्रिजची ए लेव्हल आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) ही त्यांतील प्रमुख नावे. आयबीविषयी कुतूहल पुष्कळ असले तरी नेमकी माहिती थोडी असते. नेरूळच्या डी. वाय. पाटील इंटरनॅशनल स्कूलसारख्या शाळेमुळे हा अभ्यासक्रम शहरातच उपलब्ध आहे. तो आपल्या पाल्यास मानवेल की नाही हे ठरविण्यापूर्वी त्याची जडणघडण समजून घेणे आवश्यक आहे.

उगम : राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये जिनीव्हा येथे इंटरनॅशनल स्कूलची स्थापना झाली. देशोदेशी बदली होणाऱ्या कुटुंबांतील मुलांना स्वदेशी विद्यापीठात प्रवेश मिळविताना अडचणी येत, कारण प्रत्येक देशाची शालान्त परीक्षा वेगळी होती. सर्वत्र मान्य होईल अशी एकच परीक्षा असावी, या गरजेतून १९६८ मध्ये जिनीव्हात आयबी संस्था स्थापन झाली. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ अलेक पीटरसन हे तिचे पहिले महासंचालक. कोवळ्या वयातच दोन-तीन विषयांत बंदिस्त होणारे इंग्लंडमधील शिक्षण त्यांना संकुचित वाटे. त्यामुळे विषयांचा विस्तार आणि निवडक विषयांतील खोली यांचा मेळ या अभ्यासक्रमात घातला गेला. पहिली अधिकृत परीक्षा १९७० मध्ये झाली. भारतात १९७६ मध्ये कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूलने तो प्रथम स्वीकारला. महाराष्ट्रात मुळशी तालुक्यात १९९७ मध्ये सुरू झालेले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज हे या शिक्षणाचे एक महत्त्वाचे केंद्र ठरले.

वर्गीकरण : आयबी संस्थेचे एकूण चार अभ्यासक्रम आहेत. प्राथमिक अभ्यासक्रम ३ ते १२ वर्षे, तर माध्यमिक अभ्यासक्रम ११ ते १६ वर्षे वयोगटासाठी असतो. पदविका अभ्यासक्रम, म्हणजेच डिप्लोमा प्रोग्राम, अकरावी-बारावीच्या दोन वर्षांचा आहे. व्यवसायोन्मुख अभ्यासक्रम हा त्याच वयोगटासाठीचा चौथा प्रकार होय. पदविकेस प्रवेश घेण्यासाठी आधीचे शिक्षण आयबीचेच असावे लागत नाही. दहावीपर्यंत अन्य मंडळात शिकलेले विद्यार्थीही तो घेऊ शकतात.

विषयरचना : विषयांचे सहा गट आहेत : भाषा व साहित्य, द्वितीय भाषा, मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे, विज्ञान, गणित आणि कला. विद्यार्थी सहा विषय घेतो. कलेऐवजी अन्य गटातील आणखी एक विषय घेता येतो. सामान्यतः तीन विषय उच्च स्तरावर आणि तीन प्रमाण स्तरावर असतात. उच्च स्तरासाठी २४० आणि प्रमाण स्तरासाठी १५० अध्यापन-तासांची शिफारस आहे. गणिताचे दोन प्रवाह असून एकाचा भर विश्लेषणावर, तर दुसऱ्याचा उपयोजनावर असतो. अभियांत्रिकीकडे वळणाऱ्याने पहिला प्रवाह निवडणे श्रेयस्कर ठरते. शाळेत न शिकविल्या जाणाऱ्या मातृभाषेचे साहित्य स्वाध्यायाने अभ्यासण्याचीही प्रमाण स्तरावर तरतूद आहे. मराठीसाठी ती मिळेल का, हे प्रवेशापूर्वीच शाळेला विचारावे.

गाभा : या अभ्यासक्रमाचे वेगळेपण त्याच्या तीन अनिवार्य घटकांत आहे. पहिला घटक ज्ञानमीमांसा, म्हणजे थिअरी ऑफ नॉलेज. आपण एखादी गोष्ट ‘जाणतो’ ती कशाच्या आधारे, याचा विचार येथे करावा लागतो. त्यासाठी १६०० शब्दांच्या मर्यादेतील निबंध आणि एक प्रदर्शन सादर केले जाते. दुसरा घटक विस्तृत निबंध. स्वतः निवडलेल्या प्रश्नावर ४००० शब्दांपर्यंतचे हे संशोधनपर लेखन असते. नवी मुंबईत अशा प्रश्नांना तोटा नाही. २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या व २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत समाविष्ट झालेल्या ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचा अधिवास, वाशीच्या एपीएमसी बाजारातील कांद्याच्या भावांचे चढउतार, सिडकोने १९७० पासून केलेले नगरनियोजन, असे कितीतरी विषय हाताशी आहेत. तिसरा घटक सर्जनशीलता, कृती आणि सेवा यांचा. हे उपक्रम साधारण १८ महिने सातत्याने करून त्यांविषयीचे चिंतन नोंदवावे लागते. त्यांना गुण नसतात, परंतु ते पूर्ण न केल्यास पदविका मिळत नाही.

मूल्यमापन : प्रत्येक विषयास १ ते ७ अशी श्रेणी दिली जाते. सहा विषयांचे ४२ आणि ज्ञानमीमांसा व विस्तृत निबंध यांचे मिळून ३, असे कमाल ४५ गुण असतात. पदविकेसाठी किमान २४ गुण आणि काही पूरक अटींची पूर्तता आवश्यक असते. अंतिम लेखी परीक्षेबरोबर प्रयोग-अहवाल, शोधप्रकल्प, मौखिक सादरीकरण अशा अंतर्गत मूल्यमापनालाही वजन असते. जगभरची सरासरी ३० गुणांच्या आसपास राहते. म्हणून ९५ टक्क्यांची सवय असलेल्या घराने ३४ किंवा ३५ गुणांना अपयश मानू नये.

उपयोग व मर्यादा : भारतीय विश्वविद्यालय संघाने १९८३ पासून ही पदविका बारावीशी समकक्ष मानली आहे. परदेशी विद्यापीठांत तिला व्यापक मान्यता आहे. देशातील अनेक खासगी विद्यापीठेही तिचे स्वागत करतात. नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात आंतरराष्ट्रीय शिक्षणनगरी उभारण्याची योजना असून जून २०२५ मध्ये ॲबर्डीन, यॉर्क यांसह पाच परदेशी संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. ही शिक्षणनगरी साकार झाल्यास परदेशी पदवीसाठी शहर सोडणेही अपरिहार्य राहणार नाही. मात्र जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटी या परीक्षांची घडण भारतीय मंडळांच्या अभ्यासक्रमांवर आधारलेली आहे. आयबीचा विद्यार्थी त्या देऊ शकतो, पण त्याला दुहेरी तयारी करावी लागते. वैद्यकीय शिक्षणासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे तिन्ही विषय हवेत. नेहमीच्या गटरचनेत ते एकत्र बसत नाहीत. त्यासाठी विद्यापीठ-प्रवेशाची अट दाखवून विशेष परवानगी मिळवावी लागते. मे महिन्यातील परीक्षेचा निकाल जुलैच्या आरंभी लागतो. त्यामुळे प्रवेशाच्या तारखांचा मेळही आधीच तपासावा लागतो.

कोणास मानवतो : ज्यास वाचनाची गोडी आहे, लिहिण्याचा कंटाळा नाही, ‘असे का?’ हे विचारल्याशिवाय राहवत नाही आणि जो महिन्यानंतरच्या मुदतीसाठी आजपासून काम करू शकतो, त्यास हा अभ्यासक्रम फुलवितो. पुढे काय व्हायचे हे अजून न ठरलेल्या विद्यार्थ्यालाही त्यातील विषयविस्तार उपकारक ठरतो. याउलट एकाच विषयात रमणारा आणि इतर विषयांचा भार नकोसा वाटणारा विद्यार्थी ए लेव्हलमध्ये अधिक सुखी होऊ शकतो. आयआयटी किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हेच ध्येय निश्चित असल्यास राज्य मंडळ वा सीबीएसई हा सरळ रस्ता आहे. बुद्धिमत्तेची उणीव नसूनही काही विद्यार्थी येथे कोलमडतात. सहा विषयांची प्रकल्पकार्ये आणि गाभ्याचे तीन घटक यांच्या मुदती दुसऱ्या वर्षी एकावर एक येतात, आणि नियोजनाची सवय नसेल तर झोप आणि मनःस्वास्थ्य दोन्ही ढासळतात.

निर्णयाची रीत : पालकांनी प्रथम पदवीचे इष्ट ठिकाण आणि शाखा यांचा विचार करावा. तेथील प्रवेश-अटी पाहून मग विषय व स्तर ठरवावेत. वर्षाला काही लाख रुपये शुल्क आणि पुढे परदेशी शिक्षणाचा खर्च यांचा हिशेब एकत्रच मांडावा, कारण पदविकेवरच बचत संपली तर तिचा मुख्य लाभ हुकतो. शाळेकडून मागील तुकड्यांचे सरासरी गुण, उच्च स्तरावर शिकविले जाणारे विषय, शिक्षकांचा अनुभव आणि पूर्वानुमानित गुण (अंतिम निकालाआधी शाळेने वर्तविलेले गुण) देण्याची पद्धत यांची माहिती मागावी. विद्यार्थ्याने स्वतः एखादा विस्तृत निबंध वाचावा आणि असे काम करणे आपल्याला आवडेल का, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे.

आयबी पदविका हा अन्य मंडळांहून श्रेष्ठ मार्ग नव्हे. तो वेगळ्या वृत्तीच्या विद्यार्थ्यासाठी आखलेला मार्ग आहे. म्हणून या निर्णयात शेजाऱ्याच्या मुलाचे उदाहरण गौण मानावे आणि आपल्या पाल्याचा कल, ध्येय व घरची आर्थिक शक्ती या तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तरच प्रवेश घ्यावा.