आपट्याची साल आणि जखमेचे टाके

दसऱ्याला बुलढाण्याच्या बाजारात आपट्याच्या फांद्यांचे भारे येतात आणि आपण ‘सोने’ लुटून मोकळे होतो. पण याच झाडाच्या सालीने माणसाची जखम शिवावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे, हे किती घरांत ठाऊक असेल? तिथला ‘अश्मंतक’ म्हणजेच आपला आपटा. त्याच्या पंगतीला ताग, जवस, केस आणि गुळवेलीचे तंतूही आहेत.

सुईचा विचार तर गोधडी शिवणाऱ्या आजीबाईंनाही पटावा. मांस कमी तिथे आणि सांध्यावर दोन बोटे लांबीची गोल सुई. मांसल जागी तीन बोटांची, तीन धारांची. पोटावर धनुष्यासारखी वाकडी. टाके फार लांब पडले तर जखम दुखते, फार जवळ पडले तर कड फाटते. आणि शिवण्याआधी आतली धूळ, केस, हाडाचे सुटे तुकडे काढलेच पाहिजेत, नाहीतर जखम पिकते. मला ही अट सर्वांत मोलाची वाटते. विळा लागला की हळद दाबून चार दिवस काढणारे आपल्याकडे अजून आहेत. मग ती चिघळलेली जखम डॉक्टरांनाही लगेच शिवता येत नाही.

आता धागे कारखान्यातून निर्जंतुक होऊन येतात. काही तर मांस जुळेपर्यंत धरून ठेवतात आणि नंतर शरीरातच विरून जातात. खांद्याचा कंडरा हाडापासून सुटला, तर दोरा ओवलेला बारीकसा खिळा हाडात बसवून त्या दोऱ्याने कंडरा पुन्हा जागेवर बांधतात. पुढे काही आठवडे हात झोळीत. कंटाळून कुणी आधीच बादली उचलली, तर दोरा शाबूत राहतो आणि कंडराच त्यातून फाटून निघतो.