टाय सांभाळा, आज गुरुवार आहे!

जर्मनीला निघालेल्या मराठी माणसाला व्हिसा, आरोग्यविमा आणि कचऱ्याचे चार रंगांचे डबे यांबद्दल सगळे जण बजावून सांगतात. पण तिथे एका गुरुवारी ऑफिसातली एखादी शांत, सज्जन बाई हातात कात्री घेऊन अंगावर चालून येईल, हे कोणी सांगत नाही. आपल्या मंडळाचा गणपती तर हवाच. पण तो शनिवार-रविवार बघून, हॉल मिळेल तसा बसतो. खिडकीखालच्या गल्लीतला सण मात्र आपल्या तारखेला येतोच. तेव्हा खाली उतरण्याआधी ही थोडी पूर्वतयारी.

कात्रीवाल्या बायका

ऱ्हाइन नदीच्या काठावर, म्हणजे कोलोन, बॉन, ड्युसेलडॉर्फ या पट्ट्यात, कार्निव्हलच्या आठवड्यातला गुरुवार बायकांचा. दिसेल त्या पुरुषाचा टाय कचकन कापायचा आणि भरपाई म्हणून गालावर एक पापी द्यायची. तक्रार चालत नाही. मुरलेले लोक त्या दिवशी कपाटातला सगळ्यात भिकार टाय घालून येतात. या प्रकाराचं मूळ बॉनजवळच्या बॉयल गावात सापडतं. तिथल्या धोबिणींनी १८२४ साली स्वतःची समिती काढली, कारण कार्निव्हलची सगळी मजा पुरुषच मारत होते. आजही त्या दिवशी बायका वाजतगाजत नगरपालिकेवर चाल करून जातात आणि सत्ता ताब्यात घेतात.

त्यानंतरच्या सोमवारी कोलोनमध्ये प्रचंड मिरवणूक निघते. रथांवरून शेकडो टन गोळ्या-चॉकलेटं उधळली जातात. छत्री न्यायची ती पावसासाठी नाही; उघडून उलटी धरायची, म्हणजे चॉकलेटं थेट आत पडतात. एक धोका मात्र लक्षात ठेवा. कोलोनमध्ये ‘आलाफ’ ओरडायचं आणि ड्युसेलडॉर्फमध्ये ‘हेलाउ’. दोन्ही शहरं जेमतेम ४० किलोमीटरवर आहेत, पण घोषणा चुकली तर लोक असं बघतात की बस्स.

मंगळवारी रात्री नुबेल नावाच्या पेंढ्याच्या बाहुल्याला जाळतात. आठवडाभर जे पैसे उडाले, जी प्रेमप्रकरणं झाली, त्या सगळ्याचा दोषी तोच. जमाव त्याच्यावर रीतसर आरोप ठेवतो आणि शिक्षा देतो. बुधवारी सगळे निर्दोष होऊन कामावर हजर!

अकरा अकरा अकरा अकरा

या कार्निव्हलचा मोसम सुरू होतो ११ नोव्हेंबरला, सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी. त्याच दिवशी संत मार्टिनचा सण, त्यामुळे सकाळी बिअर पिणारी मोठी माणसं आणि संध्याकाळी कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत चाललेली बालवाडीची पोरं, असा दुहेरी कार्यक्रम असतो. पुढे खऱ्या घोड्यावर लाल झग्यातला मार्टिन. त्याने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला स्वतःचा अर्धा झगा कापून दिला, ती ही कथा. मूल बालवाडीत असेल तर आठवडाभर आधी आई-बाबांना कंदील करायला बोलावणं येतं. जा. शेजारच्या टेबलावरच्या बाबांना सरळ रेषेत कात्री चालवता येत नाही, हे बघून ओळखी पटकन होतात.

३१ डिसेंबरचा बटलर

घरोघरी टीव्हीवर ‘डिनर फॉर वन’ लागतं. १९६३ साली हॅम्बुर्गच्या वाहिनीने चित्रित केलेलं हे साधारण अठरा मिनिटांचं प्रहसन इंग्रजीत आहे, आणि ते डब न करता दाखवतात. नव्वदी गाठलेली बाई, तिचे न आलेले चार पाहुणे आणि त्या चौघांच्याही वाटणीचं पिणारा बटलर. जर्मन माणसाला ते तोंडपाठ असतं. विलायतेत मात्र ते टीव्हीवर पहिल्यांदा लागलं २०१८ साली!

त्याच रात्री पूर्वी चमच्यात शिसं वितळवून पाण्यात ओतायचे आणि जो आकार होईल त्यावरून भविष्य सांगायचे. शिसं विषारी म्हणून २०१८पासून विक्री बंद झाली. आता कथिल नाहीतर मेण. भविष्य तेवढंच खरं ठरतं.

दारावरचा खडू पुसू नका

जानेवारीत, सहा तारखेच्या आसपास, मुकुट घातलेली तीन-चार मुलं दार वाजवतात. गाणं म्हणतात, गरीब मुलांसाठी डब्यात पैसे मागतात आणि चौकटीवर खडूने वर्षाचे आकडे आणि सी, एम, बी ही तीन अक्षरं लिहितात. हा घराला दिलेला आशीर्वाद असतो आणि तो वर्षभर तसाच ठेवतात. स्वच्छतेच्या उत्साहात ओलं फडकं फिरवू नका.

नाचायला बंदी

गुड फ्रायडेला बहुतेक राज्यांत सार्वजनिक नाचगाण्यावर कायद्यानेच बंदी असते. सुट्टी आहे म्हणून त्या दिवशी पाडव्याचा लेझीम-ढोल कार्यक्रम ठेवण्याचा विचार मंडळाच्या सेक्रेटरीने आधीच सोडलेला बरा.

झाड चोरी

बव्हेरियातलं प्रत्येक स्वाभिमानी गाव १ मेला चौकात उंच खांब उभा करतं. त्याआधी शेजारच्या गावातली पोरं तो पळवायला टपलेली असतात. चोरी साधली तर पोलिसात कोणी जात नाही. बिअर आणि जेवण अशी खंडणी ठरते आणि खांब वाजतगाजत परत येतो. ऱ्हाइनकाठी प्रकरण जरा नाजूक. ३० एप्रिलच्या रात्री तरुण रंगीत कागदी पट्ट्यांनी सजवलेलं बर्चचं झाड आपल्या आवडत्या मुलीच्या घराला बांधून येतात. लीप वर्षी ही जबाबदारी मुलींवर. मुलांनो, २०२८मध्ये आरामात झोपा.

गाईंचा परतीचा प्रवास

माझ्या मते सगळ्यात देखणा सण हाच आणि त्याला आपल्यापैकी फार कमी लोक जातात. आल्प्सच्या पायथ्याशी राहणारे शेतकरी उन्हाळ्यात गुरं उंच कुरणांवर चढवतात. सप्टेंबरमध्ये ती खाली आणतात, तेव्हा अख्खं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं असतं. आधी ऐकू येतात घंटा, बादलीएवढ्या, छातीत घुमणाऱ्या. मग पुढे म्होरकी गाय दिसते. तिच्या डोक्यावर डोंगरातली फुलं, फरच्या फांद्या, रेशमी फिती यांचा भलाथोरला मुकुट आणि बरेचदा त्यात मधोमध छोटा आरसा. दुष्ट शक्तीला त्यात स्वतःचंच तोंड दिसावं आणि तिने घाबरून पळावं, म्हणून. ज्याने पोळ्याला शिंगांना बेगड लावली आहे, झूल चढवली आहे, त्याला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

पण एक नियम आपल्याला माहीत नसतो. त्या उन्हाळ्यात वर एखादं जनावर दगावलं असेल, तर मुकुट चढवत नाहीत. कळप मुकाट्याने खाली येतो. म्हणजे तो मुकुट नुसती सजावट नसतो. सगळी सुखरूप आली, ही बातमी गावाला मिळते ती त्याच्यावरून.

जाताना बूट धुता येतील असेच घाला. रस्त्यावर शेणाचा सडा असतो आणि तो कोणी वेळेवर आवरत नाही.

फोडा, पण नियमाने

लग्नाआधी एका संध्याकाळी वधू-वरांच्या दारात पाहुणे कपबशा, बरण्या आणि जुन्या प्लेटा आपटून फोडतात. चिनीमातीच फोडायची. काच फोडायची नाही, आरसा तर मुळीच नाही, तो अपशकुन. कचरा नवरा-नवरीने मिळून झाडायचा. आमंत्रण आलं तर आहेराच्या पाकिटाबरोबर कानतुटके कप घेऊन जा, मान राहील.

आणि शेवटी, वाढदिवस

ब्रेमेनमध्ये तिशी गाठलेल्या अविवाहित पुरुषाला कॅथेड्रलच्या पायऱ्या झाडाव्या लागतात. मित्र मुद्दाम कचरा टाकत राहतात आणि कुणी मुलगी येऊन पापी देऊन सोडवत नाही तोवर सुटका नाही. बाकीच्या देशात नियम दोनच. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अगदी रात्री साडेअकरालासुद्धा नाही. त्या अशुभ मानतात. आणि ऑफिसात तुमचा वाढदिवस असेल, तर केकची वाट बघत बसू नका. तो तुम्हीच आणायचा असतो.